मैदाने उघडा, पण मोजपट्टी एकच ठेवा



मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे वस्तीतल्या विहारात रक्तदाब आणि साखर तपासायला बसलो होतो. जुन्या चिठ्ठ्या घेऊन आलेल्या आजी-आजोबांच्या रांगेत एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा आईसोबत उभा होता. त्याला काहीच तपासायचे नव्हते. पाळी आल्यावर त्याने मोबाईल पुढे केला. त्यात आयपीएलचे तिकीट होते, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानाचे, एप्रिलच्या मध्यातल्या सामन्याचे.

"ताई, दोन वर्षांनी जायला मिळतंय. माझे दोन्ही डोस झालेत. आई नको म्हणते. तुम्ही सांगा, जाऊ का?"

आई मागूनच म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच समजवा आता याला. याच्या काकाला गाडीत घातलं ते शेवटचं. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही आम्हाला. आणि याला मॅच सुचतेय."

दोघांचेही खरे होते. त्या मुलाला आम्ही काय सांगितले ते शेवटी येईलच. पण हा प्रश्न त्या एका घराचा नाही. २०२२ मध्ये साखळीचे सगळे ७० सामने आपल्याच राज्यात होते. वानखेडे, ब्रेबॉर्न, डी. वाय. पाटील आणि पुण्याजवळचे गहुंजे ही चार मैदाने. २६ मार्चपासून सामने सुरू झाले आणि तेव्हा २५ टक्के प्रेक्षकांना परवानगी होती. तिसरी लाट ओसरली होती, वॉर्ड रिकामे झाले होते. अशा वेळी लोकांनी मैदानात जावे की नाही?

आम्ही म्हणजे पाच परिचारिका. जीएनएमचा डिप्लोमा करून सरकारी आणि खाजगी वॉर्डांत उभे आयुष्य काढलेल्या. आमच्यातल्या दोघी अजून ड्युटीवर आहेत, बाकीच्या नोकरी सोडून वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. तिन्ही लाटा आम्ही पीपीई किटच्या आतून पाहिल्या आहेत. म्हणून आमचे मत आधीच सांगून टाकतो. मैदाने उघडायला आमचा विरोध नाही. पण किती खुर्च्या भरल्या, एवढ्यावर सुरक्षितता ठरवायला आमचा विरोध आहे. आणि एका गर्दीला एक नियम, दुसऱ्या गर्दीला दुसरा, यालाही आमचा विरोध आहे.

गर्दी तीच, परिणाम वेगळे

इटलीतल्या बर्गामो शहराचे नाव २०२० मध्ये आपण सर्वांनी ऐकले. लष्कराच्या ट्रकमधून शवपेट्या नेल्या जात होत्या, ते हेच शहर. त्याआधी १९ फेब्रुवारी २०२० रोजी बर्गामोचा अटलांटा हा फुटबॉल संघ मिलानच्या सॅन सिरो मैदानावर स्पेनच्या व्हॅलेन्सियाशी खेळला. बर्गामोहून सुमारे ४० हजार लोक बसने, गाड्यांनी मिलानला गेले. गोल झाला की मिठ्या मारल्या, रात्री घरी परतले. दोनच दिवसांत इटलीत स्थानिक संसर्गाचा पहिला रुग्ण उघडकीस आला. म्हणजे सामना झाला तेव्हा विषाणू त्या भागात हिंडत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. तिथल्या महापौरांनी आणि डॉक्टरांनी पुढे या सामन्याकडे बोट दाखवले.

आता दुसरा सामना पाहा. ८ मार्च २०२०, महिला दिन. मेलबर्नला महिलांच्या टी-२० विश्वचषकाची अंतिम लढत. आपल्या मुली ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळल्या. प्रेक्षक होते ८६,१७४. नंतर त्यातला एक जण बाधित निघाला. तो ज्या भागात बसला होता तिथल्या लोकांना आरोग्य खात्याने लक्षणांवर लक्ष ठेवायला सांगितले. गर्दी बर्गामोच्या दुप्पट, पण बर्गामोसारखे काही घडले नाही. कारण त्या वेळी मेलबर्न शहरात विषाणूच फार पसरलेला नव्हता.

म्हणजे पहिली गोष्ट अशी, की मैदानाचा धोका शहरातल्या साथीवर ठरतो. शहरात रोग वाढत असेल तर पाव भरलेले मैदानही धोक्याचे. शहरात रोग नगण्य असेल तर धोका कमी. तेव्हा "उघडायचे की नाही" याचे उत्तर एकदाच देऊन चालत नाही. ते दर आठवड्याला रुग्णसंख्या बघून द्यावे लागते.

आपल्या देशात २०२१ मध्ये हे उत्तर उशिरा दिले गेले. मार्च २०२१ मध्ये अहमदाबादला इंग्लंडविरुद्धचे टी-२० सामने झाले. १२ आणि १४ मार्चला हजारो प्रेक्षक आत होते, कित्येकांच्या तोंडावर मास्क नव्हता, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले. रुग्ण वाढू लागले तेव्हा १६ मार्चपासूनचे सामने प्रेक्षकांशिवाय घ्यायचे ठरले आणि तिकिटांचे पैसे परत करायची वेळ आली. पुढच्या महिन्यात गुजरातमध्ये काय झाले ते आठवायलाही नको वाटते. ती लाट त्या सामन्यांमुळेच आली, असे आम्ही म्हणणार नाही. लग्ने, निवडणूक सभा, यात्रा, सगळेच तेव्हा सुरू होते. पण आकडे चढत असताना दरवाजे उघडे होते, एवढे खरे.

त्याच मार्चमध्ये गहुंजेला तीन एकदिवसीय सामने झाले. तिथे राज्य सरकारने प्रेक्षकांना परवानगी दिली नाही. काही हौशी चाहत्यांनी शेजारच्या डोंगरावर चढून सामना पाहिला. तेव्हा लोक हसले. आज मागे वळून पाहताना वाटते, ती बंदी योग्य होती आणि ते डोंगरावरचे चाहते मैदानातल्या गर्दीपेक्षा कितीतरी सुरक्षित होते.

खुर्चीपेक्षा वाट धोक्याची

कोरोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बाधित माणूस श्वास सोडतो, बोलतो, ओरडतो तेव्हा बारीक थेंब आणि कण बाहेर पडतात. साध्या श्वासापेक्षा बोलताना जास्त, बोलण्यापेक्षा ओरडताना कितीतरी जास्त. उघड्यावर ते वाऱ्याने पांगतात. बंद जागेत ते धुरासारखे साचून राहतात. म्हणून बंद हॉलपेक्षा उघडे मैदान बरे, हे शास्त्राला धरूनच आहे.

पण सामन्याला जाणारा माणूस फक्त खुर्चीत बसत नाही. तो कुर्ल्याला किंवा चेंबूरला हार्बरची लोकल पकडतो. नेरूळला उतरून जिन्यावरच्या रेटारेटीत सापडतो. फाटकावर झडतीच्या रांगेत अर्धा तास उभा राहतो. मधल्या विश्रांतीत शौचालयात जातो, तिथे खिडकी असते बोटभर. खाण्याच्या काउंटरवर गर्दीत मास्क खाली करून ओरडून ऑर्डर देतो. जिंकल्यावर मित्रांबरोबर एसी हॉटेलात बसतो. आणि रात्री दहा बाय बाराच्या खोलीत आजी, आई आणि लहान भावंडांशेजारी झोपतो.

आमच्या या म्हणण्याला आधार आहे. २०२१ च्या जूनमध्ये युरोपात फुटबॉलची मोठी स्पर्धा झाली. त्यातला इंग्लंड-स्कॉटलंड सामना लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर होता. स्कॉटलंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने महिनाअखेरीस हिशेब मांडला. या स्पर्धेशी संबंधित कार्यक्रमांना गेलेले १,९९१ लोक बाधित आढळले होते. त्यातले १,२९४ जण लंडनला गेले होते. पण प्रत्यक्ष वेम्ब्लीत बसून सामना पाहिलेले होते ३९७. बाकीचे तिकीट नसतानाही गेले होते. रेल्वेत, बसमध्ये, दारूच्या गुत्त्यात, चौकात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

म्हणजे मैदानाच्या आत ठेवलेले अंतर बाहेरच्या गर्दीने धुऊन जाते. वानखेडेची क्षमता सुमारे ३३ हजार. त्याचे २५ टक्के म्हणजे आठ हजार. हे आठ हजार लोक आत ऐसपैस बसतील, फोटोत अंतर छान दिसेल. पण ते एकाच वेळी चर्चगेटला उतरणार असतील आणि दोनच फाटकांतून आत सोडले जाणार असतील, तर २५ टक्के हा आकडा कागदावरच राहिला. प्रशासनाने खुर्च्या मोजल्या. वाट मोजली का?

आणि रिकामे मैदान म्हणजे रोग बाहेर, असेही नाही. २०२१ ची आयपीएल प्रेक्षकांशिवाय सुरू झाली होती. खेळाडूंना हॉटेलात जगापासून तोडून ठेवले होते, वारंवार तपासण्या होत्या. तरी खेळाडूच बाधित निघाले आणि ४ मे २०२१ रोजी स्पर्धा थांबवावी लागली. कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेल्या भिंतीतून विषाणू आत शिरला, तर आपल्या चाळीच्या पत्र्यातून तो किती सहज शिरेल?

मैदानावर आणखी कोण असते?

मैदान म्हटले की डोळ्यांपुढे खेळाडू आणि प्रेक्षक येतात. आमच्या डोळ्यांपुढे आधी दुसरी माणसे येतात, कारण ती आमच्या वस्तीत राहतात. खेळपट्टीवर रोलर फिरवणारा, गवत कापणारा. कंत्राटावर खुर्च्या पुसणारी मावशी. सामना संपल्यावर थुंकलेले, सांडलेले, उष्टे गोळा करणारा सफाई कामगार. फाटकावर बारा तास उभा असलेला सिक्युरिटीवाला, जो येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाला हात लावून झडती घेतो. पाण्याचे ट्रे घेऊन पायऱ्या चढणारी पोरे. प्रेक्षक त्या मोसमात एकदा किंवा दोनदा येतो. ही माणसे प्रत्येक सामन्याला असतात.

हे आजचेच नाही. भारतीय क्रिकेटच्या पहिल्या मोठ्या गोलंदाजांपैकी एक, पालवणकर बाळू. पुण्यात क्रिकेट क्लबात त्यांनी सुरुवात केली ती खेळपट्टीवर रोलर फिरवण्यापासून. पुढे ते इतके मोठे झाले की १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण ज्या संघाला ते जिंकून देत, त्याच संघात त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. मैदान राखणाऱ्याची मेहनत चालते, त्याची काळजी घ्यायची वेळ आली की तो बाहेरचा होतो. आज भांडे वेगळे नसेल. पण विम्याच्या यादीत, पगारी रजेच्या यादीत, मोफत तपासणीच्या यादीत त्याचे नाव आहे का, ते पाहा.

एप्रिल २०२१ मध्ये स्पर्धा सुरू होण्याआधी वानखेडेवरचे काही मैदान-कर्मचारी बाधित आढळल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हा चर्चा एकाच गोष्टीची झाली, सामने होतील की नाही. त्या कर्मचाऱ्यांच्या घरी कोण होते, त्यांचा पगार चालू राहिला का, हे कुणी विचारले नाही.

आमच्या वस्तीतली एक बाई त्या काळात शहरातल्या एका मोठ्या मैदानावर कंत्राटी सफाईचे काम करत होती. अंगात ताप असताना ती दोन दिवस कामाला गेली. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आली तेव्हा ऑक्सिजन ९१ होता. आम्ही रागावलो. ती म्हणाली, "ताई, एक खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली. दोन खाडे झाले की मुकादम दुसरी बाई लावतो." ती वाचली. तिच्या नवऱ्याला मधुमेह होता, तो अकराव्या दिवशी गेला. तिला लागण मैदानावर झाली, लोकलमध्ये झाली की नळावर, हे कुणीच सांगू शकणार नाही. आम्हीही सांगत नाही. पण तिला पगारी रजा असती तर ती पहिल्याच दिवशी घरी थांबली असती, वेगळी झोपली असती, आम्ही पहिल्याच दिवशी दोघांनाही तपासले असते. हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगतो.

खेळ ही चैन नाही

आता काही जण म्हणतील, मग बंदच ठेवा ना सगळे. जीव महत्त्वाचा की क्रिकेट?

वॉर्डात उभे असताना आम्हीही असेच म्हणत होतो. आज म्हणत नाही. दोन वर्षे घरात कोंडून बसलेल्या पोरांचे काय झाले ते आम्ही तपासणीच्या टेबलावर बघतो. झोप नाही, चिडचिड, मोबाईल, गुटखा, काहींना दारू. कॉलेज नाही, काम नाही, मैदान नाही. माणसाला माणसांत बसून हसायला, ओरडायला लागते. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तिथे प्रेक्षकांना बंदी होती. पदक तेवढेच मोलाचे. पण त्या क्षणी भरलेले मैदान उभे राहिले असते तर ते पाहून आपलाही ऊर भरून आला असता.

शिवाय मैदान बंद म्हणजे कुणाचे पोट बंद, तेही पाहिले पाहिजे. टीव्हीचे हक्क घेणाऱ्यांचा धंदा रिकाम्या मैदानातही चालला. बुडाले ते फाटकाबाहेर झेंडे विकणारे, गालावर तिरंगा रंगवणारे, टोप्या-जर्सी विकणारे, भेळ आणि वडापावच्या गाड्या लावणारे. त्यांतले किती तरी आपलेच आहेत. त्यांना दोन वर्षांत कुणी नुकसानभरपाई दिली नाही. त्यांच्यासाठी मैदान उघडणे म्हणजे चूल पेटणे आहे. म्हणून आम्ही म्हणतो, उघडा. नीट उघडा.

६ डिसेंबरचा प्रश्न

एक गोष्ट मात्र मनात सलते, ती बोललीच पाहिजे.

१४ एप्रिल २०२० ला टाळेबंदी होती. बाबासाहेबांची जयंती आपण घरातच साजरी केली. त्या वर्षी दीक्षाभूमीवरचा सोहळा झाला नाही. ६ डिसेंबर २०२० ला घरूनच अभिवादन करा, असे सरकारने सांगितले आणि आपण ऐकले. आम्ही स्वतः वस्तीत घरोघर फिरून सांगितले, की यंदा दादरला जाऊ नका. ज्या आजीने चाळीस वर्षांत एकही सहा डिसेंबर चुकवला नव्हता, ती आमच्यासमोर रडली आणि घरीच थांबली. तो निर्णय बरोबर होता. आजही आम्ही तोच घेऊ. लाखोंचा समाज शिस्तीने घरी थांबला, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण पुढचे वर्ष पाहा. डिसेंबर २०२१. न्यूझीलंडविरुद्धचा कसोटी सामना ३ तारखेपासून वानखेडेवर झाला आणि त्याला २५ टक्के प्रेक्षकांची परवानगी होती. ६ डिसेंबरच्या सकाळी भारताने तो ३७२ धावांनी जिंकला, लोकांनी आत टाळ्या वाजवल्या. त्याच सकाळी, त्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर काही स्टेशने अलीकडे, दादरला येणाऱ्यांना सांगितले जात होते की गर्दी करू नका, घरूनच अभिवादन करा. विषाणू तोच, ओमायक्रॉनची भीती तीच, शहर तेच, तारीखही तीच.

यावर उत्तर ठरलेले आहे. मैदानात तिकीट असते, जागा ठरलेली असते, लसीचे प्रमाणपत्र तपासता येते, चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. हे उत्तर अगदीच खोटे नाही. संख्येचा फरक मोठा आहे आणि तो नाकारून आम्ही आमच्याच लोकांना धोक्यात घालणार नाही. पण गर्दीचे नियोजन काय फक्त तिकीटवाल्यांनाच जमते? समता सैनिक दल वर्षानुवर्षे ती रांग सांभाळते. वेळा वाटून देणे, जिल्ह्यानुसार दिवस ठरवणे, शिवाजी पार्कवर तपासणी आणि लसीकरणाचे तंबू टाकणे, हे सगळे करता आले असते. मैदानासाठी "कसे करता येईल" असा विचार झाला. आपल्यासाठी "येऊ नका" एवढ्यावर विचार थांबला. आमची तक्रार बंदीबद्दल नाही, ती इथे आहे.

साथीचा नियम सगळ्यांना सारखा असला तरच लोक तो पाळतात. पैसे देऊन येणाऱ्या गर्दीला सवलत आणि श्रद्धेने, पायी येणाऱ्या गर्दीला दंडुका, असे दिसले की लोकांचा नियमावरचाच विश्वास उडतो. मग खरी लाट येते तेव्हा "मास्क लावा" म्हणणाऱ्या आमच्यासारख्या बाईलाही लोक हसतात. दुसऱ्या लाटेत आम्ही हे अनुभवले आहे.

आमच्या मागण्या

मैदाने उघडताना सरकार, महापालिका आणि आयोजक यांच्याकडे आमच्या मागण्या अशा आहेत.

१. शहरातील रुग्णसंख्या आणि भरलेल्या खाटा पाहून किती आकड्यावर प्रेक्षक कमी करायचे आणि कितीवर दरवाजे बंद करायचे, हे आधीच जाहीर करा. तिकिटे विकल्यावर धावपळ नको.

२. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, मैदान-कर्मचारी आणि खाणे वाटणारी मुले यांचे लसीकरण, चांगले मास्क आणि मोफत तपासणी ही जबाबदारी आयोजकांची. ताप आला तर सात दिवसांची पगारी रजा आणि काम टिकण्याची हमी लेखी द्या.

३. फाटके जास्त उघडा, प्रवेशाच्या वेळा विभागून द्या, सामना संपल्यावर जादा गाड्या सोडा.

४. शौचालये आणि खाण्याच्या जागा हवेशीर करा. जिथे हवा खेळत नाही तिथे एका वेळी किती माणसे, हे ठरवा.

५. फाटकाजवळ लसीकरणाचे टेबल लावा. तिकीट नसलेल्यालाही तिथे लस मिळाली पाहिजे.

६. जो नियम मैदानाला, तोच जयंतीला, वारीला, उरुसाला, मोर्चाला. गर्दी कुणाची आहे हे पाहून नियम बदलू नका.

जाणार असाल तर

घरात साठीच्या पुढचे कुणी, मधुमेह, दमा, किडनीचा आजार किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेले कुणी असेल, तर आधी त्यांचे डोस पूर्ण करा. १६ मार्च २०२२ पासून साठीच्या पुढच्या सर्वांना खबरदारीचा तिसरा डोस मिळू लागला. तेव्हा दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेले असावे लागत. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांचीही लस त्याच दिवसापासून सुरू झाली. लस घेतली म्हणजे लगेच संरक्षण मिळत नाही, साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशी आजीला केंद्रावर नेऊन उपयोग नाही.

लोकलमध्ये, रांगेत, जिन्यावर आणि शौचालयात मास्क नाकावर घट्ट ठेवा. एन-९५ मिळाला तर उत्तम. एकावर एक दोन एन-९५ घालू नका, त्याने फायदा होत नाही. ओरडायचे असेल तर मास्क लावूनच ओरडा, आवाज पोहोचतो. पाणी पिताना शेजाऱ्याकडे पाठ करा. घसा खवखवत असेल, अंग दुखत असेल, ताप असेल तर तिकिटाचे पैसे बुडू द्या. ते पैसे पुन्हा मिळवता येतील.

परत आल्यावर चार-पाच दिवस आजी-आजोबांपासून शक्य तितके दूर राहा. एका खोलीच्या घरात दूर राहणे म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. आम्हालाही ठाऊक आहे. खिडकी आणि दार उघडे ठेवा, पंखा बाहेरच्या दिशेने लावा, डोके एकमेकांच्या उलट दिशेला करून झोपा, घरातही मास्क लावा. लक्षण दिसले की तपासणी करा, लपवू नका. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर थांबू नका, दवाखाना गाठा.

शेवटी

त्या मुलाला आम्ही विचारले, "घरी कोण कोण असतं?" आई, बहीण आणि आजी. आजी अडुसष्ट वर्षांची, तिला बीपी. "आजीचा दुसरा डोस?" तो गप्प झाला. पहिल्या सुईनंतर ताप आला म्हणून आजीने दुसरी घेतलीच नव्हती, आणि घरात कुणी आग्रहही धरला नव्हता.

आम्ही म्हणालो, "तुझं तिकीट एप्रिलच्या मध्यातलं आहे ना? मग आज आजीला केंद्रावर घेऊन जा. दोन आठवडे मिळतील. मॅच बघून आलास की चार दिवस पोटमाळ्यावर झोप. एवढं करणार असशील तर जा."

आई आमच्याकडे बघत राहिली. तिला आम्ही नाही म्हणू असे वाटले होते. आम्ही तिला सांगितले, "माई, काकांना मैदानाने नेलं नाही. तेव्हा खाट नव्हती, ऑक्सिजन नव्हता, लसही नव्हती. पोराला कोंडून ती भरपाई होणार नाही. आजीला टोचून आणा, ते जास्त कामाचं आहे."

दुपारी तिघेही आले. आजी कुरकुरत होती, दंडावर कापूस दाबून धरला होता.

दोन वर्षांनंतर २०२२ मध्ये आपली जयंतीही मोकळेपणाने होईल अशी आशा होती. मिरवणुका निघतील, ढोल वाजतील, रात्रभर माणसे रस्त्यावर असतील. मैदानासाठी जे नियम आम्ही मागतो, ते त्या दिवशी आपल्यालाही लागू आहेत. १४ एप्रिलच्या आधी प्रत्येक मंडळाने आपल्या गल्लीची यादी करावी. साठीच्या पुढचे कोण राहिले, दुसरा डोस कुणाचा बाकी, मधुमेह कुणाला. मिरवणुकीच्या पुढे झेंडा असतोच, यंदा एक मास्कची पेटीही असू द्या. यादी करायला मदत हवी असेल तर आम्हाला बोलवा, आम्ही येऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!